नव्याने उभा राहणारा संघ किती तगडा? फुटबॉलचा स्क्वॉड तोलायची रीत

युरोपातली ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, उघडली की पुण्यातल्या प्रत्येक फुटबॉल कट्ट्यावर एकच विषय असतो: यंदा आपला संघ कितपत तगडा? बाणेर-वाकडच्या टर्फवर रात्री तासभर खेळून झालं की अमृततुल्यसमोर हा वाद पेटतो आणि खोलीवर परतल्यावरही चालू राहतो. जमलेल्या, जिंकणाऱ्या संघावर फार बोलण्यासारखं नसतं. खरी खडाजंगी होते ती मोडून पुन्हा बांधल्या जाणाऱ्या संघावरून. कोच नवा, निम्मे खेळाडू नवे, दोन जुने मोठ्या पगारावर अडकलेले, तीन पोरं अकादमीतून नुकती वर आलेली. अशा संघाची ताकद सांगणं सर्वांत अवघड असतं, आणि नेमकं तेच प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत असतो.

मला हा वाद मनापासून आवडतो. संघावर जीव असल्याशिवाय माणूस राखीव लेफ्टबॅकवरून अर्धा तास भांडत नाही. पण बहुतेक वेळा तो नावांवर सुरू होतो आणि नावांवरच संपतो. अमका आला म्हणजे संघ भारी, तमका गेला म्हणजे संपलं. एक कागद, एक संध्याकाळ आणि थोडी शिस्त असेल तर तोच वाद बराच पुढे नेता येतो. ती रीत इथे सविस्तर मांडतो. उदाहरणं इंग्लंडची घेतली आहेत आणि आपल्या बालेवाडीचीही, कारण या बाबतीत पुण्याच्या पदरात फार महागात पडलेला अनुभव आहे.

आधी ठरवा, प्रश्न कोणता?

चौघं चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतील तर वाद मिटणार कसा? एकाच्या डोळ्यांसमोर सगळे तंदुरुस्त असतानाचे उत्तम अकरा असतात. दुसऱ्याला फेब्रुवारीत दुखापतींनी खिळखिळा झालेला संघ दिसतो. तिसरा दोन वर्षांनंतरचं बोलत असतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

म्हणून बोलायच्या आधी तीनांपैकी एक प्रश्न निवडा. येत्या शनिवारी हा संघ कसा खेळेल? पूर्ण मोसमात किती गुण मिळवेल? की दोन मोसमांनंतर कुठे असेल? पुनर्बांधणीतल्या संघाच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात.

आर्सेनलचा २०२१चा ऑगस्ट आठवा. त्याआधीच्या दोन्ही मोसमांत संघ आठवा आला होता. त्या विंडोत मिकेल आर्तेताच्या हाताखाली बेन व्हाइट, ॲरन रॅम्सडेल, मार्टिन ओडेगार्ड, ताकेहिरो तोमियासू, सांबी लोकोंगा आणि नुनो तावारेस असे सहा जण आले. सहाही जण २३ वर्षांचे किंवा त्याहून लहान. पहिल्या तीन सामन्यांचे निकाल: ब्रेंटफर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२, मँचेस्टर सिटीकडून ०-५. एक गोल केला नाही, नऊ खाल्ले, संघ तळाला. शनिवारच्या प्रश्नाला तेव्हा एकच प्रामाणिक उत्तर होतं, संघ कच्चा आहे. पण त्याच मोसमाअखेर ते पाचवे आले आणि पुढच्या मोसमात ८४ गुण मिळवून दुसरे. ऑगस्टमध्ये जो म्हणत होता की दोन वर्षं थांबा, तोही बरोबरच होता. फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

कागदावर जागा मांडा, नावं नंतर

एक फुलस्केप घ्या किंवा एक्सेलची शीट उघडा. डाव्या बाजूला खेळाडूंची नावं लिहू नका, जागा लिहा: गोलरक्षक, बचावफळीतले राइटबॅक, उजवा सेंटरबॅक, डावा सेंटरबॅक, लेफ्टबॅक, त्यांच्यापुढे उभा राहणारा होल्डिंग मिडफिल्डर, आणि असंच पुढे गोल करणाऱ्या स्ट्रायकरपर्यंत. प्रत्येक जागेसमोर दोन घरं ठेवा, पहिल्या पसंतीचा आणि त्याचा बदली. एक नाव एकदाच लिहायचं. हा नियम पाळलात की ‘तो तिथेही खेळू शकतो की’ या एका वाक्याने झाकलेली भोकं लगेच दिसू लागतात. दोन जागी खेळणारा खेळाडू मोलाचा असतो, पण एका सामन्यात तो एकाच जागी उभा राहतो.

आता प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: वय, करार कधी संपतो ते वर्ष, गेल्या मोसमात लीगमध्ये खेळलेली मिनिटं, आणि त्याच्या आदल्या मोसमातली मिनिटं. हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं. चार जणांनी जागा वाटून घेतल्या तर तासाभरात कागद भरतो.

मिनिटांच्या रकान्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. वीस संघांच्या लीगमध्ये ३८ सामने, म्हणजे प्रत्येक जागेला ३,४२० मिनिटं. अकरा जागांची मिळून ३७,६२०. इंडियन सुपर लीगच्या २०२४-२५च्या मोसमात तेरा संघ होते आणि प्रत्येकाला २४ सामने. तिथे एका जागेची २,१६० आणि संघाची २३,७६० मिनिटं होतात. या आकड्याला धरून दोन हिशेब करा.

पहिला हिशेब क्लबात उरलेल्या मिनिटांचा. गेल्या मोसमात जे खेळले त्यांतले कोण गेले, त्यांची मिनिटं मिळवा आणि एकूण मिनिटांनी भागा. समजा सहा जण गेले आणि त्यांची मिळून १२,००० मिनिटं होती. म्हणजे ३७,६२० पैकी जवळपास ३२ टक्के खेळ दाराबाहेर गेला. सहा जण गेले म्हटलं की भीती वाटते, पण त्यांतले चार जण बाकावरच बसत असतील तर हा आकडा १० टक्क्यांच्या आतही येतो. उलट दोघंच गेले आणि दोघंही दर सामन्यात पूर्ण वेळ खेळणारे असतील, तर ते नुकसान मोठं. माझा अंदाज असा की एक तृतीयांशाहून जास्त मिनिटं बदलली तर पहिले दहा सामने तो संघ चाचपडतच खेळणार, नवे खेळाडू कितीही चांगले असोत. बचावाच्या फळीला एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो विकत घेता येत नाही.

दुसरा हिशेब प्रत्येक खेळाडूच्या उपलब्धतेचा. सलग दोन मोसम जो ३,४२० पैकी १,५०० मिनिटंसुद्धा खेळला नाही, त्याला पहिल्या पसंतीच्या घरात लिहू नका. कारण दुखापत असो की कोचची नामर्जी, तुमच्या कागदावर तो बदलीच. या नियमावरून सर्वांत जास्त भांडणं होतात, कारण प्रत्येक संघात ‘फिट असला तर लीगमधला सर्वोत्तम’ असा एक लाडका असतोच. त्याच्यावर प्रेम जरूर करा, पण त्याच्या भरवशावर गुण मोजू नका.

पुण्याने हे स्वतः पाहिलंय

एफसी पुणे सिटी २०१४मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच मोसमात उतरला तेव्हा संघात डेव्हिड ट्रेझेगे होता. १९९८चा विश्वविजेता, २००० सालच्या युरोच्या अंतिम सामन्यात गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल, मारणारा. बालेवाडीत त्याला पाहायला मिळणं हे भाग्यच होतं. संघ मात्र सहावा आला. पुढच्या वर्षी एड्रियन मुटू आला आणि संघ सातवा. दोघंही पस्तिशी ओलांडलेले होते. नावांच्या तराजूत तो संघ भारी होता, पण नव्वद मिनिटं पळणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या अकरांच्या तराजूत नव्हता.

मग आला २०१७-१८चा मोसम. कोच रांको पोपोविच, पुढे मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो. जगभर कुणी त्यांची जर्सी घालून फिरत नव्हतं. पण मार्सेलिन्हो आदल्याच मोसमात दिल्लीकडून लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला होता, आणि अल्फारो नॉर्थईस्टकडून याच मैदानांवर, याच दमट हवेत खेळलेला होता. दोघांचंही वय तिशीच्या आसपास, पाय अजून शाबूत. गोलात विशाल कैथ, बाजूने आशिक कुरुनियनसारखा क्लबच्या अकादमीतून आलेला पोरगा. त्या मोसमात संघ ३० गुणांसह चौथा आला आणि पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे बंगळुरूने हरवलं, सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने. ऑरेंज आर्मी या पुणे सिटीच्या चाहत्यांच्या गटातल्या ज्यांनी तो मोसम पाहिला त्यांच्या मनात ती संध्याकाळ अजून सलते.

यातून तुमच्या कागदासाठी एक रकाना निघतो: नवा खेळाडू याच लीगमध्ये, किंवा याच वेगाच्या लीगमध्ये, आधी खेळलाय का? हो असेल तर त्याची जुनी मिनिटं पूर्ण धरा. नसेल तर पहिल्या मोसमासाठी निम्मीच धरा. ही माझी पद्धत आहे, शास्त्र नव्हे, पण दरवर्षी जुलैत चढणारा ताप तिने बराच उतरतो.

कण्यापासून तपासा

कागद भरला की सुरुवात विंगरपासून, म्हणजे बाजूने हल्ला करणाऱ्यांपासून, करू नका. पाहायला तेच आवडतात, क्लिपा त्यांच्याच फिरतात. तुम्ही मात्र गोलरक्षक, दोन सेंटरबॅक, होल्डिंग मिडफिल्डर आणि स्ट्रायकर या पाच घरांवर बोट ठेवा. नव्याने उभा राहणारा संघ आधी इथे सावरतो किंवा इथेच कोसळतो.

लिव्हरपूल बघा. युर्गेन क्लोप ऑक्टोबर २०१५मध्ये आला, त्या मोसमात संघ आठवा आला आणि ३८ सामन्यांत ५० गोल खाल्ले. पुढचे दोन्ही मोसम चौथा. जानेवारी २०१८मध्ये व्हर्जिल व्हॅन डाइक आला, त्या उन्हाळ्यात गोलरक्षक ॲलिसन. २०१८-१९मध्ये खाल्लेले गोल २२ आणि गुण ९७. पुढच्या मोसमात ९९ गुणांसह विजेतेपद. पुढे सला, मानेंसारखे खेळाडू होतेच; व्हॅन डाइक आणि ॲलिसन येऊन मागची भोकं बुजली तेव्हा त्यांच्या गोलांची किंमत वाढली. हे सगळं व्हायला साडेचार वर्षं लागली, हेही कागदाच्या समासात लिहून ठेवा.

भारतातलं उदाहरण तर आपल्याच घरातून निघालेलं. २०१९मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. मार्सेलिन्हो, निखिल पुजारी यांच्यासारखे आपले काही खेळाडू तिकडे गेले. पहिला मोसम भयंकर गेला: १८ सामन्यांत दोन विजय, १० गुण, ३९ गोल खाल्ले, शेवटचं स्थान. दुसऱ्या मोसमात मॅन्युएल मार्केझ कोच झाला. फुलबॅकवर, म्हणजे लेफ्टबॅक-राइटबॅकच्या जागी, आकाश मिश्रा आणि आशिष राय, दोघंही कोवळ्या वयाचे. मध्ये चिंगलेनसाना आणि स्पॅनिश ओडेई ओनाइंदिया. २० सामन्यांत खाल्लेले गोल १९वर आले, हार फक्त तीन वेळा, आणि स्थान पाचवं. बरोबरी अकरा सामन्यांत. म्हणजे बचाव उभा राहिला होता, गोल करणारा हवा होता. २०२१-२२साठी बार्थोलोम्यू ओगबेचे आला, त्याने १८ गोल केले, आणि मार्च २०२२मध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळला पेनल्टीवर हरवून हैदराबादने चषक उचलला.

त्या संघाचे तीन मोसमांचे गुण वाचले की पुनर्बांधणीचा क्रम समजतो. १० गुणांवरून २९, तिथून ३८. दुसऱ्या मोसमाअखेर जे म्हणत होते की ‘अकरा बरोबऱ्या, हा काय संघ’, ते गुणतक्ता वाचत होते. खाल्लेल्या गोलांचा रकाना पाहणाऱ्याला पुढचं पाऊल दिसलं असतं.

आपल्या लीगबद्दल आणखी एक. मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवता येतील हा नियम २०२१-२२मध्ये आला, म्हणजे किमान सात भारतीय. त्यामुळे इथला स्क्वॉड तोलताना परदेशी नावं शेवटी वाचा. आधी सात भारतीय कोण आणि सातांतले किती जण दर आठवड्याला खेळण्याइतके पक्के, हे बघा. चांगला भारतीय सेंटरबॅक किंवा लेफ्टबॅक मिळणं परदेशी स्ट्रायकर मिळण्यापेक्षा कठीण असतं.

एकेक खुर्ची रिकामी करून बघा

हा भाग गटात करायला सर्वांत मजा येते आणि सर्वांत जास्त शिकवूनही जातो. प्रत्येकाने आळीपाळीने पहिल्या अकरांतलं एक नाव खोडायचं आणि सांगायचं, ‘हा दोन महिने नाही.’ बाकीच्यांनी पाच मिनिटांत उत्तर द्यायचं: त्या जागी कोण, त्यामुळे आणखी कोणाची जागा हलते, आणि खेळण्याची पद्धत बदलावी लागते का. एक नाव खोडल्यावर एकच बदल होत असेल तर संघाचे बदलीही पक्के आहेत. एक नाव गेल्यामुळे तीन जण आपली जागा सोडत असतील तर तो संघ अकरा जणांचाच आहे, स्क्वॉडमध्ये पंचवीस नावं असली तरी.

आर्सेनलच्या २०२२-२३ची कहाणी इथे तंतोतंत बसते. मार्चमध्ये युरोपा लीगच्या स्पोर्टिंगविरुद्धच्या सामन्यात विल्यम सालिबा आणि तोमियासू दोघंही जायबंदी झाले. एप्रिलच्या सुरुवातीला संघ आठ गुणांनी पुढे होता, सिटीचा एक सामना हातात होता. त्यानंतर लिव्हरपूलशी २-२, वेस्ट हॅमशी २-२, तळाच्या साउथॅम्प्टनशी ३-३, मग सिटीकडून १-४. मोसमाअखेर ते पाच गुणांनी मागे पडले. सालिबा मागे असताना पूर्ण संघ वर चढून दबाव टाकू शकत होता, तो गेल्यावर सगळी फळीच मागे सरकू लागली. खुर्ची रिकामी करताना नेमकं हेच विचारायचं असतं: हा गेला तर बाकीचे दहा जण वेगळे खेळतील का?

कोच खरंच कसा खेळवतो?

कागदावरच्या जागा तुम्ही तुमच्या आवडीच्या रचनेत मांडल्या असतील तर सगळं पुन्हा करावं लागेल. कोचने गेल्या दहा सामन्यांत जी रचना वापरली तीच घ्या. मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४मध्ये रुबेन अमोरिमला आणलं. त्याची पद्धत मागे तीन सेंटरबॅक आणि बाजूंना विंगबॅक, म्हणजे बचाव आणि हल्ला दोन्हींसाठी कडेने वर-खाली पळणारे, अशी. स्क्वॉड मात्र चार बचावपटूंच्या रचनेसाठी जमवलेला, विंगरांनी भरलेला, विंगबॅकच्या घरात जवळपास कुणी नाही. मोसमाअखेर ४२ गुण आणि पंधरावं स्थान. पुण्यातले युनायटेडचे चाहते तेव्हा एकेका खेळाडूला शिव्या घालत होते, आणि माझ्या मते त्यातला निम्मा राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. खेळाडू होते तेवढे वाईट नव्हते. ज्या जागा कोचला हव्या होत्या त्या रिकाम्या होत्या.

बालेवाडीतही असंच काहीसं झालं. २०१८-१९च्या सुरुवातीला मार्सेलिन्हो आणि अल्फारो होते, विशाल कैथ होता, आशिक होता. पोपोविच नव्हता. मिगेल आंगेल पोर्तुगाल यांना काही सामन्यांतच जावं लागलं, प्रद्युम रेड्डी यांनी तात्पुरती धुरा घेतली, डिसेंबरमध्ये फिल ब्राउन आले. एका मोसमात तीन कोच, आणि चौथ्या स्थानावरून सातवं. म्हणून कागदाच्या डोक्यावर कोचचं नाव लिहा, आणि शेजारी तो किती काळ टिकेल याचा तुमचा अंदाज. नवा कोच, नवी रचना आणि एक तृतीयांश नवी मिनिटं, हे तिन्ही एकत्र आले असतील तर तुमच्या अंदाजातून मी आठ-दहा गुण सरळ वजा करेन.

वय, करार आणि पैसा

वयाच्या रकान्यात सरासरी काढू नका. ३५ वर्षांचा गोलरक्षक आणि १९ वर्षांचा विंगर मिळून सरासरी २७ येते, त्यातून काहीच कळत नाही. तीन रंग वापरा: २३पर्यंतचे, २४ ते २९, आणि ३०च्या पुढचे. मग मिनिटं कोणत्या रंगात पडतात ते बघा. विंगर आणि फुलबॅक पळण्यावर जगतात, त्यांचा उतार लवकर लागतो. सेंटरबॅक आणि गोलरक्षक तिशीनंतरही टिकतात. चांगल्या पुनर्बांधणीत बहुतेक मिनिटं पहिल्या दोन रंगांत असतात आणि तिसऱ्या रंगातले दोन-तीन जण मैदानावर पोरांना सांभाळतात. सगळीच पोरं असतील तर प्रगती दिसेल, पण जिंकलेले सामने शेवटच्या दहा मिनिटांत हातचे जातील.

कराराचं एक वर्ष उरलेला खेळाडू दिसला की लाल खूण करा. तो एक तर लवकरच नव्या करारावर सही करेल, नाही तर जाईल. लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसना, आलेल्याला शनिवारच्या प्रश्नात पूर्ण धरा, दोन वर्षांच्या प्रश्नात अजिबात नाही.

पैशाचं गणित इंग्लंडमध्ये गुंतागुंतीचं आहे. चाहत्याला लागेल तेवढंच सांगतो. खेळाडूची किंमत हिशेबवहीत कराराच्या वर्षांवर विभागली जाते, करार लांब तर वर्षाचा बोजा कमी, म्हणूनच २०२३मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडेझसारख्यांना साडेआठ वर्षांचे करार दिले. त्यानंतर ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांचीच धरायची असा नियम आला. तात्पर्य, ‘विका त्याला आणि आणा दुसरा’ हे बोलणं सोपं आहे. लांब करार, मोठा पगार आणि ढासळलेला खेळ असलेला माणूस कुणी घेत नाही, आणि तोवर त्याची जागा अडून राहते.

भारतात पैशाचा प्रश्न याहून साधा आणि क्रूर आहे. २०२२चं विजेतेपद, २०२२-२३मध्ये गुणतक्त्यात दुसरं स्थान, आणि २०२३-२४मध्ये हैदराबादचा क्लब आर्थिक अडचणीत सापडला. मोसमाच्या मध्यावरच खेळाडू सोडून गेले. उरलेल्या पोरांनी २२ सामन्यांत आठ गुण मिळवले. पुण्याला याचं नवल वाटू नये. २००७मध्ये सुरू झालेला पुणे एफसी आय-लीगमधल्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमधल्या, आपल्या पहिल्याच मोसमात तिसरा आला होता, २०१२-१३मध्ये उपविजेता होता, त्याची अकादमी देशातल्या उत्तम अकादम्यांत मोजली जायची, आणि २०१५मध्ये तो संपला. चार वर्षांनी पुणे सिटीही गेला. त्यामुळे भारतीय संघाचा कागद करताना तळाशी एक ओळ ठेवाच: मालक कोण, आणि गेल्या मोसमातले पगार वेळेवर झाले का.

आकडे वाचा, पण सामनाही बघा

अपेक्षित गोलांचा आकडा, ज्याला सगळे एक्सजी म्हणतात, पुनर्बांधणीतल्या संघासाठी उपयोगी पडतो, कारण निकाल बिघडलेले असताना संधी मिळतायत की नाही हे तो सांगतो. दोन पथ्यं पाळा. पाच सामन्यांवरून निष्कर्ष काढू नका, निदान दहा होऊ द्या. आणि स्ट्रायकरच्या गोलांतून पेनल्टी आधी वजा करा. प्री-सीझनच्या मैत्रीपूर्ण सामन्यांचे गोल तर कागदावर आणूच नका.

मग एका खेळाडूसाठी एक पूर्ण सामना बघा. वीस मिनिटं चेंडू विसरा, डोळे फक्त त्याच्यावर ठेवा. चेंडू गेल्यावर तो पहिली तीन पावलं कुठे टाकतो? लेफ्टबॅक वर गेला की मागची जागा कोण भरतं? टीव्हीवर हे अर्धंच दिसतं. म्हणून पुण्यातल्या लीगचे सामने मैदानावर जाऊन बघावेत असं मी प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडे कोल्हापूरहून शिकायला आलेली मुलं असतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तिथल्या तालमींच्या संघांचे सामने बघत वाढलेली. त्यांच्याशेजारी बसून एक सामना बघा. चेंडूपासून लांब उभ्या खेळाडूबद्दल ती जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं.

आता आकडा लिहा

इतकं झाल्यावर प्रत्येकाने चिठ्ठीवर एक पल्ला लिहायचा: कमीत कमी किती गुण आणि जास्तीत जास्त किती. दोन्हींतलं अंतर बारापेक्षा जास्त नको. स्थान लिहू नका, ते इतर एकोणीस संघांवरही अवलंबून असतं. अंदाजाला आधार हवा असेल तर इंग्लंडमध्ये २०२२-२३पासूनच्या तीन मोसमांत चौथ्या संघाला ७१, ६८ आणि ६९ गुण होते. चेल्सीसारखा प्रचंड खर्च करणारा क्लबसुद्धा ४४वरून ६३वर जायला एक पूर्ण मोसम घेतो, आणि १९ गुणांची ती उडी मोठी मानली जाते. कुणी ४२ गुणांच्या संघासाठी ‘यंदा ८०’ लिहिलं तर त्याला कागदावरच्या कोणत्या घरातून ते ३८ गुण येणार हे दाखवायला सांगा.

पल्ल्याखाली दोन ओळी आणखी. माझं मत कशाने बदलेल? आणि संघाची सर्वांत कच्ची जागा कोणती? पहिली ओळ लिहायला जड जाते. ‘दहा सामन्यांत पंधराहून जास्त गोल खाल्ले तर बचाव सुधारला हे माझं म्हणणं मी मागे घेईन’ असं काहीतरी ठोस हवं. ज्याला अशी एकही अट सुचत नाही त्याच्याशी संघाच्या ताकदीवर बोलण्यात अर्थ नाही, मग खुशाल जुन्या सामन्यांच्या गप्पा माराव्यात.

चिठ्ठ्या एकाकडे जपून ठेवा. दहा सामने झाले की उघडा आणि अटी तपासा. जानेवारीची विंडो बंद झाली की मूळ कागद काढा, गेलेल्यांची नावं खोडा, आलेल्यांची त्यांच्या जागेसमोर लिहा, मिनिटांचा हिशेब पुन्हा मांडा आणि उरलेल्या सामन्यांपुरता नवा पल्ला टाका. मे महिन्यात शेवटच्या रविवारचे सगळे सामने एकाच वेळी, आपल्याकडे साधारण रात्री साडेआठला सुरू होतात. त्याआधी जमून दोन्ही चिठ्ठ्या भिंतीवर लावा, आणि ज्याने लिहिलेली सर्वांत कच्ची जागा खरी ठरली असेल त्याला पुढच्या जुलैत कागद मांडायला बसवा.